थंडावा तुमचा, झळ कुणाची?

आमच्या वर्ध्यात मे महिन्यात दोनच विषय चालतात. आज पारा किती चढला आणि या महिन्यात लाईटचं बिल किती आलं. लग्नाच्या पंगतीत जा, बचत गटाच्या बैठकीत जा, नाहीतर भाजीच्या ठेल्यापाशी उभ्या राहा, हेच ऐकू येणार. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की "बाप्पा, काय तापून राह्यलं!" आणि बिल हातात पडलं की पुन्हा "बाप्पा!" म्हटलं, चला, आज या दोन्ही बाप्पांची एकदमच आरती करू.

पूर्वी आमच्या कॉलनीत एप्रिल लागला की घरोघरी कूलर काढण्याचा सोहळा असायचा. कूलर माळ्यावरून उतरवायचा, गंज खरवडायचा, टपाला डांबर लावायचं, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या. पहिल्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत ओल्या वाळ्याचा वास! हल्ली मात्र कूलरची जागा हळूहळू एसी घेतो आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्ध्याच्या उन्हात ज्यांच्या घरी म्हातारी माणसं, तान्ही लेकरं किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी एसी घेतला तर ती काही चैन नव्हे.

पण त्याची एक गंमत सांगते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींकडे एसी बसला. पेढे आले, आम्ही खाल्ले, अभिनंदनही केलं. त्या एसीचा बाहेरचा डबा मात्र नेमका आमच्या तुळशीकडे तोंड करून बसलेला! दुपारी अंगणात गेलं की चुलीपुढे बसल्यासारखं वाटायचं. आठवड्याभरात तुळशीनं मान टाकली. मी वहिनींना सांगितलं तर त्या खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, "अवो ताई, आम्हाले तर काहीच समजलं नाही जी! आत तर मस्त गार वाटते!" भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकला बोलावून तो डबा गच्चीवर नेला. तुळस वाचली, शेजारही वाचला.

वहिनींच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आत बसलेल्याला बाहेरची झळ कळत नाही, एवढीच गोष्ट. आणि मला वाटतं, आपल्या बऱ्याचशा खरेदीचं आणि वापराचं हेच होत असतं.

टिल्लू पंपाचंच घ्या. नळ आले की पहिल्या घरात टिल्लू सुरू होतो. मग दुसऱ्या घरालाही लावावा लागतो, तिसऱ्याला लागतोच. गल्लीच्या टोकाच्या घरी नळाला नुसती हवा येते. ती माउली गंज घेऊन नळापाशी बसलेली असते. कुणाला हटकलं तर उत्तर ठरलेलं, "आम्ही बिल नाही भरत का?" भरता ना! पंपाच्या विजेचं बिल भरता, नळपट्टीही भरता. पण शेवटच्या घराचं पाणी त्या बिलात कुठे लिहिलेलं असतं?

"बिल भरलं, हिशेब संपला" हे वाक्य मला पटत नाही. न पटण्याला आधारही आपल्या गावातलाच आहे. वर्ध्यातल्या कुमारप्पा मार्गावरून आपण कितीदा जातो, पण हे कुमारप्पा कोण होते असं मुलांना विचारा, फार थोडी सांगतील. जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनला शिकून हिशेबतपासनीस झालेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि त्याचं काम कुमारप्पांकडे दिलं. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचं ठाणं झालं. तिथलं मगन संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्याच हस्ते सुरू झालं.

हा पक्का हिशेबनीस माणूस म्हणायचा की वस्तूची किंमत चुकवली म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही. ती वस्तू कुणी, कशी, कोणत्या हालात तयार केली, याचा वाटा घेणाऱ्याकडेही येतो. चोरीचा माल स्वस्तात घेणाऱ्याला आपण साव म्हणत नाही ना? तसंच हे. म्हणून मगनवाडीत रॉकेलच्या कंदिलाला पर्याय म्हणून गोडेतेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. रॉकेल बाहेरून यायचं आणि पैसा बाहेर जायचा. तेलाच्या दिव्याचा पैसा मात्र गावातल्या शेतकऱ्याकडे आणि तेलघाणीवाल्याकडे राहायचा. उजेड तोच, पण तो कुणाचं घर चालवतो हा प्रश्न त्यांनी विचारला. बायकांच्या डोळ्यांत जाणारा धूर कमी करणारी 'मगन चूल'ही इथलीच.

कुमारप्पांचा आणखी एक मुद्दा आपल्याला चटकन कळेल. कोळसा, खनिज तेल हा साठा आहे, वापरला की संपला. ऊन, वारा, पाणी, झाडं हा वाहता प्रवाह आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पगारात भागवणं वेगळं आणि फिक्स डिपॉझिट मोडून खाणं वेगळं! कुठलीही गृहिणी यातलं शहाणपण कशात आहे ते झोपेतही सांगेल.

आता हाच हिशेब आपल्या मीटरला लावून पाहू. तारेतून येणारी वीज नेमकी कुठली हे सांगता येत नाही, सगळी एकत्र मिसळते. पण महाराष्ट्राच्या विजेत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे, आणि आपल्या शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. उन्हाळ्यात महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घरासाठी दीड-दोन क्विंटल कोळसा झाला! दर महिन्याला आपल्या फाटकापाशी एवढ्या कोळशाची बंडी रिकामी झाली असती आणि तो आपल्याच अंगणात जाळावा लागला असता, तर रिकाम्या खोलीतला पंखा आपण चालू ठेवला असता का? आपल्याकडे येतो तो नुसता थंडावा. धूळ, धूर आणि राख चंद्रपूरकडे राहते.

दुसरी झळ त्याहून जवळची आहे. बचत गटांच्या निमित्तानं माझं देवळी, सेलू तालुक्यांतल्या गावांत जाणं होतं. थंडीत गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस असले की बायका बैठकीत पेंगत असतात. एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, आमच्याकडे या हप्त्यात रातची लाईन हाय. हे मोटार चालू कराले वावरात गेले की डोळाच नाही लागत." अंधार, गारठा, साप, रानडुकरं! दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी किती जुनी आहे. त्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला, काही फिडरवर दिवसा लाईन मिळू लागली. जिथे अजून पोचली नाही तिथे ती बाई तशीच जागी असते.

आपण एक बटण बंद केलं की उद्या तिच्या घरी दिवसा लाईन येईल, इतकं ते सरळ नाही, हे मलाही कळतं. ते काम सरकारनं आणि वीज कंपनीनंच करायचं आहे, आणि आपण त्यांना त्याबद्दल विचारत राहिलं पाहिजे. पण संध्याकाळी सहा ते दहा शहरांत एकदम मागणी चढते, ती भागवण्याच्या ओढाताणीत आपलाही हात असतो. लोकांनी ठरवलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २००५ नंतरचे भारनियमनाचे दिवस आठवतात? तेव्हा 'अक्षय प्रकाश' योजना आली होती. संध्याकाळी गावानं मोटारी, गिरण्या, शेगड्या बंद ठेवायच्या, आकडे काढून टाकायचे, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे आणि बदल्यात गावाला लाईन मिळायची. अनेक गावांनी ते करून दाखवलं. एकमेकांवर नजर ठेवावी लागली, थोडी भांडणंही झाली असतील, पण पोरांचा अभ्यास उजेडात झाला.

आकड्यावरून आठवलं. आमच्याकडे लग्नाच्या, गणपतीच्या मांडवात कुणी आकडा टाकला की "होऊ द्या, देवाचं काम आहे" म्हणतात. अहो, २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमात हा सरळसरळ गुन्हा आहे. शिवाय चोरलेली वीज फुकट नसते. तो तोटा शेवटी दरात येऊन बसतो आणि प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या घरांवर फिरतो. देवालाही ते आवडत नसेल!

आता वाचवायचं कसं? इथे माझं एक भांडण आहे, आणि ते घरातल्या पुरुषमंडळींशी आहे. बिल आलं की सगळ्यांची पहिली नजर बाईकडे जाते. "दिवसभर घरी असतेस, टीव्ही चालू असेल!" खरं तर घरातली सर्वांत तापलेली खोली स्वयंपाकघर, आणि तिथेच पंखा नसतो, कारण पंखा लावला की गॅस विझतो. एक्झॉस्ट फॅन मात्र 'पुढच्या वर्षी' बसणार असतो. बाईनं घामाघूम व्हायचं आणि तिलाच काटकसर शिकवायची, हे काही बरोबर नाही. बचत करायची तर ती सगळ्या घराची हवी, आणि तिची सुरुवात खरेदीच्या वेळीच व्हायला हवी. पंखा, फ्रीज घेताना आपल्यालाही दुकानात न्या म्हणावं!

दुकानात गेल्यावर स्वस्त वस्तूच्या मोहात पडू नका. साधा पंखा ७५ वॉटचा असतो. तो रोज १८ तास चालला तर महिन्याला ४० युनिट जातात. नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास, त्याला तेवढ्याच वापराला १६ युनिट लागतात. एका पंख्यामागे महिन्याला २४ युनिट वाचतात. आपल्या बिलावरचा दर बघा आणि गुणाकार करा, जास्तीचे पैसे किती दिवसांत वसूल होतात ते कळेल. १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, हेही लक्षात ठेवा. छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं आहे. दुकानदार विसरला तर आपण विचारायचं.

एसी असेल तर तो २४ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १८ वर लावून दुलई घेण्यात काय शहाणपण? दीड टनाचा एसी चालताना दीड हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि कूलर दोनशेच्या आसपास. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो, पण पाणीही भरपूर पितो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत काही कामाचा राहत नाही, हेही खरं. त्यात पाणी भरताना आधी पिन काढा. दर उन्हाळ्यात शॉक लागून जीव जातात, आणि पाणी भरायचं काम बहुतेक घरांत आपल्याकडेच असतं. गच्चीला चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी लावली तर निम्मं काम बिनविजेचं होतं. स्वतःची गच्ची असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेची चौकशी जरूर करा. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. वर्ध्याच्या उन्हाला आपण इतक्या शिव्या देतो, त्याच्याकडून थोडं काम करून घेऊ की!

यात कुणी संन्यास घ्यावा असं मी म्हणत नाही. वर्ध्यात राहतो म्हणून प्रत्येकानं बापूकुटीतच राहायला हवं असं थोडंच आहे! मला एवढंच वाटतं की काही घेताना, लावताना, चालू करताना 'परवडतं का?' या प्रश्नाला जोडून 'याची झळ कुणाकडे जाते?' हाही प्रश्न यावा. पुढच्या भिशीला साड्यांचा विषय संपला की दहा मिनिटं यावरही बोलून बघा. गल्लीत टिल्लू बंद करायचं ठरलं तरी टोकाच्या घरी गंज भरेल.

पटलं तर शेजारणीला सांगा. नसेल पटलं तर खुशाल माझ्याकडे भांडायला या. चहा माझ्याकडून, येताना गोरसपाक तेवढा घेऊन या!