विश्लेषण : पाण्यात पडलेले जाळे तळाला का जाते? ते वाचवण्याचा स्वस्त उपाय कोणता?

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण मासेमारी आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर, परभणी-हिंगोलीच्या सीमेवरील येलदरी आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांच्या जलाशयांवर भोई समाजासह अनेक कुटुंबांचे पोट चालते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मात्र होडीतून किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरून निसटलेले जाळे तळाला गेले, तर त्या दिवसाची कमाई आणि पुढच्या दिवसांचे साधन दोन्ही एकदम जातात. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

जाळे बुडते कशामुळे?

जलाशयात प्रामुख्याने नायलॉनचे गिल नेट, म्हणजे माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे वापरले जाते. नायलॉन पाण्यापेक्षा सुमारे १४ टक्के जड असते, त्यामुळे ते बुडते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनचे दोर पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिसे ओवलेले असते. शिसे पाण्याच्या ११ पटींहून जड. गुंडाळलेले जाळे पडल्यावर धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे ते काही क्षण वर राहते. हवा निघाली की खाली जाऊ लागते.

पाण्यात त्याचे वजन किती भरते?

जमिनीवर भरते त्यापेक्षा बरेच कमी. एक किलो नायलॉन पाण्यात जेमतेम १२० ग्रॅम भरते. एक किलो शिसे मात्र ९१० ग्रॅम भरते. समजा, जाळ्याचा धागा ४ किलो आणि शिसे २ किलो आहे. वरच्या दोरीचे फ्लोट सोडले, तर या जाळ्याचे पाण्यातील वजन सुमारे २.३ किलो होते. त्यातले १.८ किलो एकट्या शिशाचे. म्हणजे जाळ्याला तळाशी ओढणारे मुख्य ओझे शिशाचे असते आणि तेवढे ओझे पेलणारी हवा बरोबर असली, तर जाळे बुडत नाही.

मग रिकाम्या बाटल्या बांधल्या की काम झाले?

अर्धेच. झाकण घट्ट लावलेली एक लिटरची रिकामी बाटली सुमारे ९५० ग्रॅम वजन पेलते. वरच्या उदाहरणातले जाळे तीन बाटल्यांवर तरंगेल. पण बाटली मऊ असते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बाटलीतील हवा निम्म्या जागेत दाबली जाते. २० मीटरवर ती एक तृतीयांश उरते. त्यामुळे पृष्ठभागावर पुरेशा असलेल्या बाटल्या एकदा खोल ओढल्या गेल्या की जाळ्याला वर आणू शकत नाहीत. थर्माकोलचे तुकडे झिजतात, त्यांचे मणी सुटतात. कडक प्लास्टिकचे किंवा दाट फोमचे फ्लोट टिकाऊ ठरतात. हिशेबापेक्षा दीडपट उचल असलेली बरी.

तळाशी लावायच्या जाळ्याचे काय?

ते बुडण्यासाठीच बनवलेले असते. त्याला तरंगते ठेवले, तर मासेच मिळणार नाहीत. अशा जाळ्याच्या दोन्ही टोकांना लांब दोर आणि वर ठळक रंगाचा कॅन हवा. दोर खोलीइतकाच ठेवणे धोक्याचे. उन्हाळ्यात मापलेला दोर पावसाळ्यात तोकडा पडतो, कारण धरण भरू लागले की पातळी वाढते आणि कॅनच पाण्याखाली जातो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरसारखी अतिवृष्टी झाली आणि दरवाजे उघडले, तर प्रवाहाचा ताणही येतो. म्हणून खोलीच्या किमान दीडपट दोर ठेवावा आणि पातळी बदलली की तो पुन्हा तपासावा.

होडीत ठेवलेल्या जाळ्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. पाच लिटरच्या बंद कॅनवर बारीक दोर गुंडाळायचा, त्याचे एक टोक कॅनला आणि दुसरे जाळ्याला पक्के बांधायचे. जाळे पडून खाली जाऊ लागले, की कॅन गरगर फिरतो आणि दोर सुटत जातो. जागेची खूण पाण्यावर राहते. मोबाइल, बॅटरी, सुरी अशा वस्तूंसाठी झाकणाचा हवाबंद डबा पुरतो.

बुडालेले जाळे तसेच सोडले तर?

नायलॉन कुजत नाही. तळाशी किंवा बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकलेले जाळे मालकाविना मासे धरत राहते. मत्स्यबीज सोडून वाढवलेले कटला, रोहू, मृगळ त्यात मरतात आणि त्याचा तोटा जलाशयावरील सगळ्यांनाच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये मासेमारीच्या साधनांवर खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, त्यामागे हेही कारण होते. जाळे काढण्यासाठी पाण्यात उडी मारणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण तेच जाळे पायात अडकते. विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून होडीतूनच तळ चाळावा.

भरपाई मिळते का?

केंद्राच्या २०२२-२६ च्या आपत्ती निकषांनुसार जाळ्याचे अंशतः नुकसान झाल्यास ३ हजार आणि जाळे पूर्ण गेल्यास ४ हजार रुपये मदत आहे. पण ती नैसर्गिक आपत्तीसाठी. एरवी हातून निसटलेल्या जाळ्याला हा आधार नाही.

पुढे काय करता येईल?

जाळी आणि होड्यांसाठी सरकारी अनुदानाच्या योजना आहेत. त्याच संचात कडक फ्लोट, खुणेचा कॅन आणि पुरेसा दोर दिला, तर खर्च किरकोळच वाढेल. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक जाळ्यावर सभासद क्रमांक टाकला, तर सापडलेले जाळे मालकाकडे परत जाईल. शेतीचा दर्जा कागदावर मिळाला आहे. शेतकऱ्याच्या अवजाराइतकीच मच्छीमाराच्या जाळ्याची किंमत धरली, तरच त्या दर्जाला अर्थ राहील.