शतावरीचा काढा आणि एक सुई

दीड वर्षापूर्वी भालकीत आमच्या गल्लीतल्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. हैदराबादेत उपचार सुरू झाले आणि त्याची आजी मला विचारायला आली, ‘‘बाई, शतावरीचा काढा दिला तर?’’ मी शाळेत विज्ञान शिकवलेली, म्हणून मला विचारलं.

गंमत अशी, की त्याच्या एका सुईचं नाव शतावरीच्याच भावकीतलं आहे. 1806 साली फ्रान्समध्ये व्होक्लॅ आणि रोबिके यांनी अ‍ॅस्परॅगसच्या रसातून अ‍ॅस्परॅजिन वेगळं केलं. आपली शतावरी त्याच कुळातली. पण सुईतलं अ‍ॅस्परॅजिनेज हे विकर अ‍ॅस्परॅजिन देत नाही, रक्तातलं मोडून टाकतं. चांगल्या पेशी आपलं अ‍ॅस्परॅजिन घरीच रांधतात; या कर्करोगाच्या बहुतेक पेशींना ते पुरेसं जमत नाही, त्या रक्तातल्या आयत्या वाढपावर जगतात. वाढप बंद, की उपासमार. आजीला हे लगेच पटलं. काढ्याचा विषय तिथंच संपला.

हे कळलं तेही अपघातानंच. 1953 मध्ये अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगच्या रक्तद्रवानं उंदरांच्या गाठी विरतात. त्यामागं हे विकर आहे, हे ब्रूम यांनी 1961 मध्ये दाखवलं. पुढं ते जिवाणूंपासून बनू लागलं. आपल्याकडं मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1984 पासून वापरलेल्या एमसीपी-841 या उपचारपद्धतीत सुरुवातीलाच ही सुई एक दिवसाआड असे. सोबत इतर औषधं असतातच. एकट्या सुईनं भागत नाही.

पण ती निरुपद्रवी नाही. अंगावर पुरळ, दम लागणं, रक्ताच्या गुठळ्या, साखर वाढणं, आणि स्वादुपिंडाला सूज. आमच्या पोराचं पोट एका रात्री दुखायला लागलं, ओकाऱ्या झाल्या. घरात ओवा-हिंग काढून ठेवलेलं. मी त्याच्या आईला म्हटलं, ‘‘आधी डॉक्टरांना फोन लाव गं.’’ तपासणीत स्वादुपिंडच सुजलेलं निघालं. पहाटेच गाडी करून नेलं होतं, ते बरं झालं. डॉक्टरांनी ती सुई कायमची बंद केली. बाकीचे उपचार सूज उतरल्यावर पुन्हा सुरू झाले.

आता तो तिसरीत आहे. गोळ्या चालू आहेत, हैदराबादच्या फेऱ्याही. पाढे मात्र अजून चुकतात, तेवढे मी संध्याकाळी घेते.