मालकी असावी, मक्तेदारी नसावी

वाशिम जिल्ह्यात दिवाळी सोयाबीनवर येते. सोंगणी उरकते, थ्रेशर शेतोशेती फिरते, पोती बाजार समितीच्या ओट्यावर जातात. मॉइश्चर किती, काडीकचरा किती यावरून घासाघीस होते आणि हातात पडलेल्या हिशेबपट्टीवर घरचे कपडे, फराळ नि लेकीचे माहेरपण ठरते. तूर तेव्हा शेतातच उभी असते. तिचा पैसा संक्रांतीच्या पुढे. कारंजा असो की रिसोड, मानोरा असो की मंगरूळपीर, हे वेळापत्रक फारसे बदलत नाही. आणखी एक गोष्ट बदलत नाही. इथला माल कच्चा जातो आणि पक्का होऊन परत येतो. तूर पोत्यातून जाते, डाळ पिशवीतून येते आणि मधला नफा बाहेरच राहतो.

म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाची मध्यवर्ती कल्पना आम्ही निवडली ती ही : विद्यापीठात झालेले संशोधन धंद्यापर्यंत कसे पोचते आणि त्या वाटेवर पेटंट, परवाना, वाणाची नोंदणी यांचे काम काय? हा विषय ऐकून काही मित्रांनी भुवया उंचावल्या. हे पुण्या-मुंबईचे, असे त्यांचे म्हणणे. खरेच, मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या संशोधनातून 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि पुढे केंद्राच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत बसलेला आपला जिल्हा त्या पंगतीत कुठून बसणार?

पण आपल्या दाराशीही एक विद्यापीठ आहे, आणि ते आपल्याला कोणी खिरापतीत दिलेले नाही. कृषी विद्यापीठ अकोल्यालाच व्हावे म्हणून १९६७ साली विदर्भ पेटला होता. त्या आंदोलनात माणसे गेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. लोकांनी रक्त सांडून मिळवलेल्या संस्थेतले ज्ञान लोकांच्या चुलीपर्यंत आणि गल्ल्यापर्यंत आले का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

काही आले. सगळ्यांत बोलके उदाहरण म्हणजे पीकेव्ही, म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठाची, मिनी डाळ मिल. आपल्या आजीच्या काळात तुरीची डाळ करायची म्हणजे दाण्याला तेलपाणी लावायचे, उन्हात वाळवायचे, जात्यावर भरडायचे, सुपाने पाखडायचे. मोठ्या गिरणीला हे काम सोपे, पण तिथे दोन-चार पोती घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला कोण विचारतो? अकोल्याच्या कृषी अभियंत्यांनी तेच काम गावातल्या एका शेडमध्ये मावेल एवढ्या यंत्रात बसवले. खरबरीत रोलरवर साल निघते, डाळ, गोटा आणि चुरी वेगळी होते, चुनी गुरांच्या पुढ्यात जाते. विद्यापीठाने स्वतः कारखाना टाकला नाही. यंत्र बनवण्याची परवानगी कारखानदारांना दिली, शासनाच्या अनुदानाची जोड मिळाली आणि बचत गटांनी व होतकरू तरुणांनी गावोगावी ही मिल लावली. कोणी स्वतःच्या नावाची पिशवी छापून डाळ विकतो, कोणी क्विंटलमागे भरडाई घेतो.

या गोष्टीत चार पक्ष आहेत : शोध लावणारे विद्यापीठ, यंत्र घडवणारा कारखानदार, ते चालवणारा उद्योजक आणि तूर पिकवणारा शेतकरी. चौघांच्याही हाती काहीतरी लागले. बौद्धिक संपदा हा शब्द जड वाटतो, पण व्यवहार एवढाच असतो : शोध कोणाचा, तो वापरायची मुभा कोणाला, कोणत्या अटीवर आणि मोबदला किती.

आता याच्या उलटी गोष्ट. तीही आपल्याच काळ्या मातीतली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला नांदेड-४४ आणि पीकेव्ही हायब्रीड-२ ही नावे आठवत असतील. पहिले नांदेडच्या संशोधन केंद्राचे, दुसरे अकोल्याचे. दोन्ही सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या संशोधनाची फळे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीशी लढणारा जनुक परदेशी कंपनीच्या तंत्रज्ञानातला होता आणि तो देशभरातल्या खासगी बियाणे कंपन्यांना परवान्याने मिळाला. विद्यापीठांकडे वर्षानुवर्षे निवडून सिद्ध केलेले वाण होते, पण त्यात घालायचा जनुक नव्हता, आणि तो मिळवण्यासाठी लागणारा करारमदार करण्याची घाई कोणाला झाली नाही. दहा वर्षांच्या आत देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. आपल्या विद्यापीठांच्या वाणांची बीटी रूपे राज्य बियाणे महामंडळाच्या, म्हणजे महाबीजच्या, पिशवीतून यायला सुमारे दीड दशक लागले. तोवर दुकानातली फळी दुसऱ्यांनी भरली होती. वाण कमी पडले नव्हते. हक्कांच्या बोलणीत आपण हजर नव्हतो.

यावरून 'सगळ्याचे पेटंट घ्या' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तो पटत नाही. एक तर कायदाच तसे करू देत नाही : भारतीय पेटंट कायद्यात बियाणे, वनस्पती आणि शेती करण्याची पद्धत यांना पेटंट मिळत नाही. वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. त्यात शेतपिकाच्या नोंदणीकृत वाणाला पंधरा वर्षे संरक्षण मिळते, आणि त्याच कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडचे लेबल लावून विकायचे नाही. सोयाबीनसारख्या पिकात घरचे बियाणे राखणाऱ्या वाशिमच्या शेतकऱ्यासाठी ही ओळ सोन्याची आहे. पीडीकेव्ही अंबा किंवा सुवर्ण सोया हे विद्यापीठाचे वाण विद्यापीठाच्या नावावर असावेत आणि शेतकऱ्याच्या कोठीतही असावेत. या दोन गोष्टींत भांडण नाही.

मालकी आणि मुभा एकत्र नांदल्याचे जुने उदाहरण म्हणजे इन्सुलिन. त्याची कथा आपण नेहमी अर्धीच सांगतो. १९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिले, म्हणून आपण त्यांच्या त्यागाला नमस्कार करतो. पण त्यांनी पेटंट घेतले होते, सोडून दिले नव्हते. ते विद्यापीठाच्या हाती राहावे, म्हणजे कोणी एकटा त्यावर कब्जा करणार नाही आणि औषधाची प्रत राखता येईल, हा हेतू होता. मालकी घ्यायची ती मक्तेदारी रोखण्यासाठी. आमच्या मते वऱ्हाडासारख्या भागाला हीच रीत मानवणारी आहे : हक्क सार्वजनिक संस्थेकडे, परवाने अनेकांना, फी परवडणारी. एकाच बड्या कंपनीला दिलेला एकहाती परवाना औषधाच्या रेणूला लागू पडेल, कारण तिथे चाचण्यांवर कोट्यवधी ओतावे लागतात. डाळ मिलला, सीताफळाचा गर काढणाऱ्या यंत्राला तो घातक ठरेल.

सध्या मात्र वारे वेगळेच वाहते आहे. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात २०२१ पासून ऐंशी टक्के सवलत मिळते. सवलत स्वागतार्हच. पण मूल्यांकनाचे गुण आणि बढतीचे पॉइंट यांच्यासाठी अर्ज ठोकण्याची साथ पसरली आहे. अर्ज प्रसिद्ध झाला की सत्काराचे बॅनर लागतात. प्रत्यक्षात अर्ज प्रसिद्ध होणे ही केवळ प्रक्रियेतली पायरी. तपासणी पुढे आहे. मंजूर झालेले पेटंटही प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, हे सांगणारा फॉर्म २७ कायद्याने भरावा लागतो. सत्काराच्या बॅनरवर तो फॉर्म छापायची प्रथा पडली, तर बरेच बॅनर कोरे राहतील. दुसऱ्या टोकाला असे प्राध्यापकही आहेत, ज्यांनी खरोखर उपयोगी काम केले, पण आधी शोधनिबंध छापला आणि नावीन्याचा दावा स्वतःच्या हाताने घालवला. पहिल्यांना आवर घालायला हवा, दुसऱ्यांना वेळेवर सल्ला मिळायला हवा.

मग वाशिमने काय मागावे? राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक अकृषी सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रम आणि उद्योग-उभारणीसाठी मंडळ सांगितले आहे. आपला जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या अमरावती विद्यापीठाच्या मंडळाने वर्षातून निदान एकदा आपल्या जिल्ह्यात बसावे, आणि समोर प्राध्यापकांइतकेच वेल्डिंगवाले, गिरणीवाले, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक असावेत. अकोल्याच्या विद्यापीठाने परवान्यासाठी खुल्या असलेल्या यंत्रांची आणि प्रक्रियांची यादी, फीसकट, मराठीत गावोगावी पोचवावी. करड्याचे कृषी विज्ञान केंद्र त्यासाठी योग्य ठिकाण आहे. आणि परवाना घेणारा स्थानिक तरुण असेल, तर पहिली वर्षे फी माफ करून नंतर विक्रीवर हिस्सा घ्यावा. यात विद्यापीठाचे नुकसान नाही. न विकलेल्या पेटंटची रॉयल्टी आजही शून्यच आहे.

जबाबदारी आपलीही आहे. परवाना म्हणजे फुकटचा माल नव्हे. यंत्राची नक्कल शेजारच्या गावात करून अर्ध्या किमतीत विकणारा आपल्याला हुशार वाटतो. पण त्याच्यामुळे पुढचे यंत्र काढणाऱ्याचा हुरूप जातो आणि बिघडलेल्या नकलेमुळे मूळ यंत्र बदनाम होते. हक्काचा मोबदला देणारा बाजार आधी उभा करू, मग विद्यापीठाला जाब विचारू.

या अंकात याच वाटेवरच्या माणसांच्या मुलाखती आणि लेख आहेत. त्यांच्या जोडीला नेहमीप्रमाणे कथा, कविता, ललित आणि वऱ्हाडी बोलीचा विभाग आहे, कारण फक्त धंद्याचे बोलणारा दिवाळी अंक आमच्या वाचकांना चालणार नाही, आम्हालाही नाही. येत्या हंगामात तुमच्या तुरीची डाळ तुमच्याच गावात व्हावी, तिच्या पिशवीवर तुमचेच नाव असावे.

— संपादक