भाकरी, उंबरठा आणि लोहचुंबक

परवा रविवारी आमच्या स्वयंपाकघरात लोहचुंबकावरून वाद झाला. लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय, पुढं पीएच.डी. करायची म्हणते. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इदु यातक बेकव्वा?" घरी स्थळ सांगून आलेलं. त्यामुळं त्या एका प्रश्नात सगळंच आलं.

लेक चिडली नाही. म्हणाली, "अज्जी, लोहचुंबकाचे तुकडे करत गेलं, तर किती बारीक तुकड्यात चुंबक शिल्लक राहील?" एकट्या रेणूतही राहू शकतो, हे 1993 मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या रॉबर्टा सेसोली, दांते गात्तेस्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मँगेनीजचे 12 अणू असलेला तो रेणू उणे 271 अंश सेल्सिअसला दिलेली दिशा महिनोन् महिने सोडत नाही.

"का बरं?" मी विचारलं.

लाकूड शिरेच्या बाजूनं सहज फुटतं, आडवं फुटत नाही. या रेणूचंही तसंच. त्याच्या चुंबकाला वर किंवा खाली तोंड करणं सोपं, आडवं होणं जड. याला ॲनिसोट्रॉपी म्हणतात, आपण दिशाभेद म्हणू. वरचं तोंड खाली करायचं, तर मध्ये ऊर्जेचा उंबरठा लागतो. रांगतं मूल उंबरठ्याशी अडतं, अंगात जोर आला की ओलांडतं. रेणूला हा जोर उष्णता देते. म्हणून एवढी थंडी लागते. शिवाय कधीकधी तो उंबरठा न चढता आरपारही निसटतो. तीही एक डोकेदुखी.

उंबरठा उंच कसा करायचा? लेकीनं परातीतली भाकरी दाखवली. डिस्प्रोसियम या धातूच्या अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग असा चपटा होऊ शकतो. त्याच्या वर आणि खाली ऋणभाराची वलयं बसवली, की ती त्याला दूर लोटतात आणि तो आडवाच राहतो. चुंबकाची दिशा मात्र भाकरीला काटकोनात, पक्की. या युक्तीनं 2018 मध्ये शास्त्रज्ञ उणे 193 अंशांपर्यंत पोचले. म्हणजे महागड्या द्रवरूप हीलियमऐवजी स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरेल, अशी आशा झाली. 2025 मध्ये डिस्प्रोसियमच्याच आणखी एका रेणूनं उणे 173 अंश गाठले. पुढंमागं एकेका रेणूत माहितीची एकेक नोंद साठवता येईल, असं स्वप्न आहे.

"म्हणजे आपल्या घरात ठेवलं तर चालत नाही?" सासूबाईंनी नेमकं विचारलं.

"नाही ना अज्जी. म्हणूनच शिकायचंय."

त्यांनी भाकरी उलटली. "किती वर्षं?"

"चार-पाच."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "स्थळवाल्यांना काय कळवायचं?"

"मी कळवते," मी म्हटलं, आणि संध्याकाळी फोन केला.