कर्नल लिहायच्या आधी कंपायलर नीट निवडा

स्वतःचा छोटासा कर्नल लिहून पाहायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्या सगळ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. मशीनवर आधीपासून असलेला कंपायलर उचलून कामाला लागू नका. सुरुवातीचे एक-दोन दिवस कंपायलरलाच द्या.

उबुंटूवर जीसीसी एका कमांडसरशी मिळतो, मग तोच का नको? कारण त्यातून निघणारे प्रोग्राम लिनक्सवर चालायचे असतात. सी लायब्ररी हाताशी आहे, मेन सुरू होण्याआधीची जुळवाजुळव कोणीतरी करून देणार आहे, असं तो धरून चालतो. तुमच्या कर्नलखाली मात्र थेट प्रोसेसर असतो. मॅकवर तर जीसीसी अशी कमांड दिली तरी प्रत्यक्षात क्लँग चालतो आणि माक-ओ फाइल तयार होते. विंडोजवरचा मिनजीडब्ल्यू पीई फाइल काढतो. कर्नल मेमरीत आणणाऱ्या ग्रब या बूटलोडरला मात्र साधारणपणे ईएलएफ फाइल लागते.

म्हणून क्रॉस-कंपायलर घ्या. ३२ बिटांसाठी आय६८६-ईएलएफ, ६४ बिटांसाठी एक्स८६-६४-ईएलएफ. या टार्गेटमध्ये कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम गृहीत नसते. आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे) बांधायचं, मग जीसीसी, तेही फक्त कंपायलर आणि त्याची मदतनीस लायब्ररी लिबजीसीसी एवढंच. जुन्या लॅपटॉपवर याला बराच वेळ लागतो, लागू द्या. मॅकवर होमब्रूमध्ये तयार मिळतो. क्लँगला हे बांधकामच नको, टार्गेट सांगितलं की झालं. दोघांत श्रेष्ठ कोण, या वादात पडू नका. लिनक्स १९९१पासून जीसीसीवर वाढलं, फ्रीबीएसडीने २०१४मध्ये दहाव्या आवृत्तीपासून क्लँग घेतला, आणि आज लिनक्स दोन्हींवर बांधता येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या कर्नलला जीसीसी घ्या. शिकवणारं बहुतेक साहित्य त्याच्यावर आहे.

कंपायलर बरोबर असूनही ६४ बिटांत एक घात होतो, तो नीट समजून घ्या. तिथल्या नियमाप्रमाणे स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शनला वापरायची मुभा असते; याला रेड झोन म्हणतात. जे फंक्शन दुसऱ्या कुणाला बोलावत नाही, ते पॉइंटर न हलवताच आपले व्हेरिएबल तिथे ठेवतं. साध्या प्रोग्रामला यात धोका नाही. पण कर्नलमध्ये टायमरचा इंटरप्ट आला की प्रोसेसर परतीचा पत्ता, फ्लॅग्ज अशा पाच किमती नेमक्या त्याच जागी लिहितो. लूपचा काउंटर मध्येच भलताच आकडा दाखवतो. पुन्हा चालवलं तर सगळं ठीक! असली चूक शोधताना मुलं रडकुंडीला येतात आणि दोष स्वतःच्या लॉजिकला देतात. ‘नो रेड झोन’चा पर्याय पहिल्या दिवसापासून मेकफाइलमध्ये हवा, आणि लिबजीसीसीसुद्धा तसंच बांधलेलं हवं.

सी लायब्ररी नाही असं सांगणारा फ्रीस्टँडिंगचा पर्याय दिला तरी जीसीसी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर या चार फंक्शनांना हाक मारू शकतो. ती आधीच लिहून ठेवा. लिबजीसीसी लिंक करायला विसरू नका, नाहीतर ३२ बिटांच्या कर्नलमध्ये ६४ बिटी भागाकार केला की लिंकर अडून बसेल. आणि कर्नल चालू लागल्यावर मध्येच कंपायलरची आवृत्ती बदलू नका.

आता शिक्षकांना कळकळीचं सांगणं. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत सी अजूनही टर्बो सीवर शिकवली जाते, डॉसबॉक्समध्ये उघडून. तो १६ बिटी डॉसचा कंपायलर. आजच्या ६४ बिटी प्रोसेसरसाठी त्याला कोड काढता येत नाही, ईएलएफही नाही. कर्नलच्या प्रोजेक्टला तो सुचवू नका. मुलांना विषय अवघड वाटतो तो पुष्कळदा इथेच. लॅबच्या सगळ्या मशीनवर एकच उबुंटू असेल, तर क्रॉस-कंपायलर एकदा बांधून तो फोल्डर सगळीकडे कॉपी करता येतो. जोडीला कर्नल चालवून पाहायला क्यूईएमयू हा एम्युलेटर टाका. सत्र सुरू व्हायच्या आधी एवढं तयार ठेवलंत, तर पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांच्या स्क्रीनवर त्यांच्या स्वतःच्या कर्नलने लिहिलेलं अक्षर उमटेल.