नखाएवढ्या लोखंडाची कंजुषी

गोव्यातल्या आमच्या पाळी-साखळीच्या पट्ट्यात कोणाकडे ठासणीची बंदूक पाहायला मागितली, की मालक आधी नळी दाखवतो. आजोबांच्या वेळची आहे, पोर्तुगीज अमदानीत घेतलेली आहे, आजही अशी नळी मिळणार नाही, हे ओघाने येतंच. मग दस्त्याचं लाकूड, त्यावरची पितळी पट्टी. मग प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला परवाना. निपल मात्र कोणी दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

बंदुकीचा सगळा भरवसा ज्या नखाएवढ्या तुकड्यावर, त्याच्यावरच आम्ही काटकसर करतो. मालक करतो, लेथवाला करतो, सरकार तर करतंच. देव्हारा चांदीचा आणि निरांजनात तेल नाही, असा हा प्रकार आहे. वर बंदूक वाजली नाही की दोष दारूला, पावसाला, नाहीतर नशिबाला.

ज्यांनी ही बंदूक कधी हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नळीच्या तोंडातून दारू, काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, छरे आणि पुन्हा बोळा असं गजाने ठासायचं. नळीच्या मागच्या टोकाला निपल आट्यांनी बसवलेलं असतं. त्याच्या टोकावर तांब्याची छोटी केप चढवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, केपेतला लेप पेटतो आणि त्याची ज्वाळा निपलच्या आरपार छिद्रातून आत जाऊन दारूला भिडते. म्हणजे निपलला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. ज्वाळा आत पाठवायची, आणि दारू पेटल्यावर उसळणारा दाब उलट बाहेर येऊ द्यायचा नाही. पहिलं काम बिघडलं तर बंदूक वाजत नाही. दुसरं बिघडलं तर वाजते, पण मालकाच्या तोंडावर.

परवाच एक निपल मी उजेडात धरून पाहिलं. टोक ठोके खाऊन खाऊन चपटं झालेलं, कडा बाहेर पसरलेल्या. घरातल्या पोरांनी केप न लावता खटाखट चाप ओढून बंदुकीचा खेळ केला, त्याचा हा प्रताप. अशा टोकावर केप पूर्ण बसतच नाही, अर्ध्यावर अडकते. घोड्याचा पहिला ठोका तिला खाली बसवण्यात खर्ची पडतो, दुसऱ्याला ती पेटते. मालकाला विचारलं, तर तो अभिमानाने म्हणाला, "दुसऱ्या ठोक्याक चुकना हां ती!" रानडुक्कर दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत उभं राहत असावं, अशी त्याची प्रामाणिक समजूत दिसली.

त्याच्याही पुढचे शहाणे टोक कानशीने घासतात. मग केप सैल होते आणि बंदूक खाली वळवली की गळून पडते. त्यावर उपाय काय, तर केप बोटांनी चेपायची नाहीतर मेण लावून चिकटवायची. हातात स्फोटक आहे आणि आपण ते चिमटीत धरून चेपतो आहोत, याचं भान नाही. नवं निपल घ्यायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. बागायतीला कुंपण घालताना हजारो रुपये मोजणारा माणूस इथे मूठ आवळतो.

आता छिद्राकडे या. चांगल्या निपलचं सर्वांत अरुंद छिद्र पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. दर बाराला गरम वायू तिथून घासत जातो आणि ते हळूहळू रुंदावतं. एक मिलिमीटरचं ड्रिल त्यात सहज शिरलं, की ते निपल बाद समजावं. खूण ओळखायला हत्यारही लागत नाही. बार झाल्यावर घोडा आपोआप अर्धा मागे उडालेला असतो, केपेच्या चिंधड्या झालेल्या असतात, निपलच्या बाजूचं लाकूड काळं पडलेलं असतं. ही सगळी लक्षणं डोळ्यांसमोर असताना आमचे वीर म्हणतात, बंदूक जोरदार आहे! अरे, तो जोर उलट्या दिशेने येतो आहे. केपेचा तुकडा डोळ्यात गेला की मग कळतं.

या रोगाचं मूळ आमच्या लेथवर आहे. हा खाणींचा मुलूख. ट्रकच्या पिना, बुश, बार्जचे सुटे भाग करता करता इथे लेथकाम पुष्कळ रुजलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तरी यंत्रं आणि हात राहिले. तिथे जाऊन "भाऊ, एक निपल कर रे" म्हटलं, की तो हाताशी असलेला बोल्ट चकमध्ये धरतो आणि थोड्या वेळात निपल तयार. कारागिरीला मी नाव ठेवत नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना गोव्याच्या बंदूक कारागिरांची तोंडभरून स्तुती केली होती, त्या भूमीतले हे हात आहेत. पण बोल्टचं मऊ लोखंड म्हणजे बोल्टचं मऊ लोखंड. ते ठोके खाऊन पसरतं आणि वायूने झिजतं. भोक पाडायला लेथवाल्याकडे जे बारीकात बारीक ड्रिल असेल ते, मग ते दीड मिलिमीटरचं का असेना. वर सिद्धांत असा, की भोक मोठं तर आग मोठी! म्हणजे जे निपल झिजून बाद व्हायचं, ते आमच्याकडे जन्मतःच बाद असतं.

आट्यांची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. बाहेरच्या निपलांत पाव इंच जाडीचं, इंचाला २८ आट्यांचं एक माप असतं, सहा मिलिमीटर जाडीचं दुसरं, आणि त्यातही एक मिलिमीटर आणि पाऊण मिलिमीटर अंतराचे आटे वेगवेगळे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्या भोकात सहाचं निपल फिरवत फिरवत बसतं, जरासं सैल लागतं एवढंच. कोणी त्यावर दोरा गुंडाळतो, कोणी टेफ्लॉनची टेप. नळाला चालतं ते बंदुकीला का चालू नये? कारण नळातल्या पाण्याच्या दाबाने तोटी उडाली तर अंगण भिजतं. इथे नीट न धरलेलं निपल उडतं ते घोड्याच्या मागे असलेल्या कपाळाकडे. जुन्या देशी बंदुकांत तर कुठलंच माप पाळलेलं नसतं. म्हणून आटे मोजण्याच्या गेजने मोजूनच निपल निवडायला हवं. नजरेने नाही, आणि "बसतं ना, मग झालं" म्हणून तर मुळीच नाही.

मग निवडायचं काय? नीट पाणी दिलेल्या, म्हणजे कठीण केलेल्या पोलादाचं निपल शेतकऱ्याला पुरतं, फक्त ते झिजल्यावर बदलायची तयारी हवी. बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचं निपल जास्त टिकतं, छिद्र लवकर रुंदावत नाही, पण महाग पडतं. बूड सपाट हवं, ते आतल्या बैठकीवर चहूकडून टेकायला हवं, आटे पूर्ण धरायला हवेत. केप आणि निपल जोडीने पारखायचं. रिकाम्या बंदुकीवर केप तळापर्यंत सरळ बसली पाहिजे आणि बंदूक उलटी केली तरी पडता कामा नये. यात कुठेही गूढ नाही. ओळखीच्या माणसाने दिलं म्हणून निपल चांगलं ठरत नाही, आणि चकाकतं म्हणूनही नाही.

आणि बसवलं म्हणजे संपलं नाही. केपेची आणि काळ्या दारूची राख ओल धरते. आमच्या हवेत तर भिंतीसुद्धा पावसाळ्यात घाम काढतात. बार काढल्यावर निपल त्याच्या चावीने सोडवून उकळत्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, छिद्रातून तार फिरवायची आणि आट्यांना ग्रीस लावून परत बसवायचं. हे करणारे किती? बहुतेकांचं निपल वडिलांनी बसवलं ते तिथेच गंजून नळीशी एकजीव झालेलं असतं. मग ते काढायला पाइप-पाना लावतात आणि मुंडी तुटून हातात येते. अशा बंदुकीचा घोडा आपटतो, खट्ट होतं, आणि बार होत नाही. मालक लगेच बंदूक फिरवून नळीत डोकावतो. दारू आत धुमसत असू शकते. नळी मोकळ्या बाजूला धरून निदान मिनिटभर थांबायचं असतं, एवढं साधं शिक्षण परवान्याबरोबर कोणी दिलेलं नसतं.

इथून सरकारची पाळी. केपेच्या तंत्राचं मूळ स्कॉटलंडच्या एका पाद्र्याकडे जातं. अलेक्झांडर फोर्सिथने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं. चकमकीच्या ठिणगीने बदकं सावध व्हायची, हे त्याचं दुखणं. तांब्याची केप त्यानंतर आली. युरोपातल्या सैन्यांनी हे तंत्र उचललं आणि १८६० च्या दशकात काडतुसं येताच मोडीतही काढलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५९ च्या शस्त्र कायद्याने, शेतसंरक्षणासाठी नेमकी तीच बंदूक शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवली. कलम १३ मध्ये तसं नाव घेऊन लिहिलं आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, हेही तिथेच आहे. पण एखाद्या बागायतदाराने जाऊन त्या अधिकाऱ्याची खात्री पटवून दाखवावी, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

बरं, दिली ती बंदूक दिली. तिचं निपल कुठून आणायचं? कलम ५ सांगतं, की शस्त्र बनवायला, विकायला, दुरुस्त करायला परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही आले. कायदा योग्यच आहे. पण पाळीसारख्या गावातल्या माणसाने नखाएवढ्या तुकड्यासाठी परवानाधारक दुरुस्तीवाला शोधत दिवस मोडायचे, आणि तिथेही "हे आता येत नाही" ऐकून परतायचं. मग तो बोल्टवाल्या लेथकडे वळतो आणि एका फेऱ्यात तोही गुन्हेगार, लेथवालाही गुन्हेगार. मुंगेर आणि जम्मूत परवानाधारक बंदूक कारखाने आहेत. मोजमापाची, कसोटीला उतरलेली निपलं तिथून मागवून अधिकृत दुकानांत ठेवणं ही काही चंद्रावर यान पाठवण्याएवढी अवघड गोष्ट नाही.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. नूतनीकरणाला बंदूक नेली की साहेब नंबर ताडून पाहतो, फोटो पाहतो, शिक्का मारतो. निपलमध्ये तार घालून पाहणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे. निवडणुकीत तर आनंदच. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, गोव्यात मतदान ७ मेला झालं आणि आचारसंहिता उठली जूनमध्ये. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करा, हा हुकूम ठरलेला. आणि मार्च ते मे म्हणजे काजूचा हंगाम. माकडांनी बोंडं ओरबाडायची आणि बंदुकीने ठाण्याच्या कोपऱ्यात ओल खायची. जून उजाडल्यावर ती घरी येते तेव्हा पीकही गेलेलं असतं आणि निपलही.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द, कारण ते न सांगितल्यास हा लेख एकतर्फी होईल. शेतसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला सर्वोच्च संरक्षण आहे; त्याच्या दिशेने नळी वळवायचीसुद्धा नाही. पिकात शिरलेलं रानडुक्कर मारायचं तरी कलम ११ खालची परवानगी लागते. आपल्या हातात उरतो तो आवाज, हवेतला बार. रात्री कपाळाला बॅटरी बांधून रानात शिरणारे आणि झुडूप हललं की चाप ओढणारे जे आहेत, त्यांच्यामुळे गरीब बागायतदाराकडेही पोलीस चोर म्हणून बघतात. डुक्कर समजून सोबत्यालाच छरे घातल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत. अशांच्या निपलची मला काळजी नाही. त्यांच्या बंदुका कायमच्या जमा झाल्या तर मी पेढे वाटीन.

"बंदूकच कशाला, सौर कुंपण घाला" असं शहरातून सांगणारेही आहेत. घाला ना. पण डोंगरउतारावरच्या काजूला, फांद्यांवरून उड्या मारत येणाऱ्या माकडाला कुंपण किती अडवतं, ते एकदा येऊन बघा. आणि कुंपण चांगलं असलं तरी घराघरांत टांगलेल्या बंदुका त्यामुळे सुरक्षित होत नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. नूतनीकरणाच्या वेळी जाणत्या आर्मोररने निपल सोडवून पाहावं. छिद्र रुंदावलेलं, आटे गेलेले असतील तर नवं निपल बसवल्याशिवाय शिक्का मारू नये. ते नवं निपल आणि त्याला जुळणाऱ्या केपा तालुक्याच्या ठिकाणी रीतसर, पावतीवर मिळाव्यात. जमा केलेल्या बंदुका तेल लावून, कोरड्या जागी ठेवाव्यात. हे झेपत नसेल तर सरकारने सरळ सांगावं, की ठासणीच्या बंदुकीचा जमाना संपला, आणि तिच्या बदल्यात चालणारं काहीतरी द्यावं. पण कागद जिवंत ठेवून बंदूक कुजू द्यायची, आणि उद्या तिने मालकाचाच डोळा घेतला की बेकायदा दुरुस्ती केली म्हणून गुन्हाही त्याच्याच नावावर नोंदवायचा, हा उद्योग आता पुरे.