चौथे कारण

पालीच्या नाक्यावर हायवेला फाटा फुटतो. एक वाट साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते, दुसरी लांज्यावरून गोव्याकडे. सकाळी सातच्या सुमारास रत्नागिरीच्या शाळांत जाणारी पोरे इथे गाडीची वाट पाहत उभी असतात. जुलैतल्या एका सकाळी सातवीतला एक मुलगा छत्रीच्या दांड्याला कपाळ टेकून, डोळे मिटून घोकत होता. प्रश्न होता, जमिनीची धूप का होते? जोराचा पाऊस, वारा, जंगलतोड, आणि त्याच सुरात शेवटी 'एनी थ्री'. मी विचारले, "आणि चौथे कारण?"

"टीचरने तीनच दिलीत, काका."

समोर रस्ता रुंद करताना उभा कापलेला डोंगर होता. त्याची तांबडी माती पाण्याबरोबर ओघळत आमच्या चपलांपर्यंत आली होती. मी बोट दाखवले. त्याने एकवार पाहिले आणि म्हणाला, "ते पोर्शनमध्ये नाही."

पोराचा दोष नाही. आईबापांना विचारा, तेही तीनच कारणे देतात. मिशनऱ्यांची शाळा चांगली. का? इंग्रजी पक्के होते, शिस्त लागते, पुढे नोकरीला अडत नाही. ही तीन कारणे बाजारात इतकी चालतात की ज्यांच्या आवारात कुठल्याही संताचा पत्ता नाही, अशा शाळाही पाटीवर 'सेंट' रंगवून घेतात. दुसऱ्या पक्षाचे एकच कारण असते : बाटवण्यासाठी शाळा काढल्या, बाकी सगळा देखावा. माझे म्हणणे असे की दोन्ही पक्षांनी ख्रिस्ती शिक्षण म्हणजे काय, हा प्रश्नच पोर्शनबाहेर टाकला आहे.

आधी इंग्रजी घेऊ. हे शिक्षण इंग्रजीच्या कितीतरी आधीचे. त्याची मुळे ग्रीक-लॅटिन पाठशाळांत आहेत, आणि त्यात मुरलेला माणूस कोकण किनाऱ्यावर उतरल्यावर काय करतो, याचा दाखला आपल्याच भाषेत आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी १५७९ साली गोव्यात आला. त्याने इथल्या लोकांना इंग्रजी शिकवली नाही; स्वतः त्यांची बोली शिकला, तिचे व्याकरण लिहिले आणि १६१६ साली रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापले. दहा हजारांहून अधिक ओव्या, मराठीत. परक्याच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसण्याची नम्रता, हे त्या शिक्षणाचे फळ. दापोलीकडच्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ख्रिस्ताला अभंग-कीर्तनात आणले. शाळेत मराठी बोलल्याबद्दल पोराकडून दंड घेणाऱ्यांनी आपल्या पाटीवरचा 'सेंट' कोणत्या पंथाचा, हे एकदा तपासावे.

आता शिस्त. बुटांना पॉलिश, रांगेत हाताचे अंतर, तासाला चिडीचूप, एवढ्यालाच शिस्त म्हणायचे असेल तर ती पोलीस परेडवरही मिळते. जुन्या युरोपीय शाळेची शिस्त बुद्धीची होती. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व, अशा तीन पायऱ्या. लहान वयात पाठांतर सोपे जाते, म्हणून तेव्हा नावे, रूपे, नियम पाठ करून घ्यायचे. मिसरूड फुटण्याच्या वयात पोर उलट बोलायला लागते. त्या उलट बोलण्यालाच तर्काचे वळण द्यायचे. आणि जे पटले ते दुसऱ्याला पटेल असे, नेमके आणि देखणे मांडायला शेवटी शिकवायचे. आपल्याकडच्या व्याकरण, न्याय, अलंकार या शास्त्रांशी याची सोयरीक सहज लागते. म्हणून मी पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांतला नाही. घोकंपट्टी ही पायरी आहे, आणि पायरी लागतेच. आपण मात्र पहिल्या पायरीवरच बिऱ्हाड थाटले आहे.

नोकरीचे उत्तर थोडक्यात देतो. पोटाला लागते, त्यात कमीपणा नाही. पण ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपने सोळाशे वर्षांपूर्वी सांगितलेले तत्त्व या शिक्षणाच्या बुडाशी आहे : माणसाचा स्वभाव त्याला काय प्रिय आहे यावरून ठरतो, आणि सद्गुण म्हणजे त्या प्रियतेतले तारतम्य. पगार प्रिय असावा, पण सत्याहून कमी. शाळेने हे तारतम्य लावायचे. ते लावले नाही तर हुशार पोराच्या हाती नुसते धारदार हत्यार येते.

राहिला धर्मांतराचा आक्षेप. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. १८२३ साली स्कॉटिश मिशनने आपल्याच जिल्ह्यात, बाणकोटला काम सुरू केले, ते ख्रिस्ताचा प्रसार करायला, आणि त्यांनी ते लपवले नाही. मुंबईत मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतले पारशी विद्यार्थी १८३९ साली ख्रिस्ती झाले तेव्हा पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले; त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिलेला, तो कोर्टाने घरच्यांच्या हवाली केला. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. अजाण पोराचा धर्म शाळेने ठरवू नये, ही त्या प्रकरणाची शिकवण. आज ती घटनेच्या २८व्या कलमात आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. आक्षेपाचा तेवढा भाग मला पूर्ण मान्य आहे.

पण 'बाकी सगळा देखावा' हे मान्य नाही, कारण फळे उलट साक्ष देतात. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत. प्रश्न विचारायला शिकले, आणि तो प्रश्न त्यांनी सगळ्यांनाच विचारला. चिपळूणजवळच्या पेढ्याचे पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेत आणि नंतर मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले. ज्या विल्सनने मोरभट दांडेकरांशी वाद घालून १८३२ साली हिंदू धर्माच्या खंडनाचे पुस्तक छापले, त्याच्याच नावाच्या कॉलेजात संस्कृतात पारंगत होऊन काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९३० ते १९६२, पाच खंड, साडेसहा हजारांवर पाने. १९६३ साली भारतरत्न. बाटवण्याचा कारखाना म्हणावा तर हा माल त्यातून निघालाच कसा?

निघाला, कारण त्या शिक्षणाच्या पोटातच एक जोखीम आहे. चौथ्या शतकात बासिल या बिशपने ख्रिस्ती तरुणांना सांगितले होते की, होमरसारखे परधर्मीयांचे ग्रंथ टाकू नका. मधमाशीसारखे त्यातले घ्या. जे सत्य आहे ते कुणाच्याही तोंडचे असो, एकाच देवाचे आहे, ही श्रद्धा असली की पोराला परीक्षेचे शस्त्र निर्धास्तपणे देता येते. मग ते शस्त्र तो तुमच्यावरही चालवतो. फुल्यांनी चालवले, काण्यांनी आपल्या कामाला लावले. देणाऱ्याने हे सोसायचे असते.

तेव्हा माझा पक्ष असा. ज्या शाळेला आपल्याला कसा माणूस घडवायचा आहे हे ठाऊक नाही, ती काहीच घडवत नाही. ती फक्त पोर्शन पुरा करते. ख्रिस्ती शाळेने ख्रिस्ताचे नाव दाराशी लाजत ठेवू नये आणि पोराच्या गळ्यातही बांधू नये. सत्यप्रियता, करुणा, संयम, भाषेचा विवेक हे आपण कोणत्या श्रद्धेतून शिकवतो ते तिने उघड सांगावे, आणि नाकारण्याची मोकळीक ठेवावी. हिंदू, मुस्लिम, बौद्ध संस्थांनाही माझे हेच मागणे आहे. मूल्यशिक्षणाचा आठवड्यातला एक तास हा त्याला पर्याय नाही. गणित कोणत्या वृत्तीने शिकवता, इतिहासात आपल्या माणसाची चूक कशी सांगता, यात ते सगळे येते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा नाक्यावर होता. पाऊस थांबला होता, रस्त्यावरची माती फावड्याने कडेला ओढलेली. त्याने आपणहून विचारले, "काका, डोंगर कापणाऱ्यांना हे माहीत नव्हतं?"

माहीत असणारच. त्यांनीही कधीतरी सातवीत धुपीची तीन कारणे लिहून पुरे मार्क घेतले असतील.